कापून दिलेल्या चार गोळ्या

"चार गोळ्या कापून दे."

डिचोली तालुक्यातल्या एका बाजारात औषधांच्या दुकानात मी बावीस वर्षं उभा आहे. या वाक्याइतकं दुसरं कुठलंच वाक्य मी ऐकलेलं नाही. कुणाची कंबर धरलेली असते, कुणाचा गुडघा सुजलेला, कुणाचा दात ठणकत असतो. चिकनगुन्या होऊन तीन महिने झाले तरी कुणाची बोटं सकाळी वळत नाहीत. मी कात्री उचलतो, दहाच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कापतो, कागदी पाकिटात घालतो, पैसे घेतो. पुष्कळदा नेमका तोच तुकडा माझ्याकडे उरतो, ज्यावर औषधाचं नाव, ताकद, मुदत आणि चिठ्ठीशिवाय विकू नये हा इशारा छापलेला असतो. माणूस घरी नेतो त्या चांदीच्या कागदात बंद केलेल्या चार गोळ्या. किती घ्यायच्या, किती तासांनी, किती दिवस, आणि कुणी मुळीच घ्यायच्या नाहीत, यातलं एक अक्षरही त्याच्यासोबत जात नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की डोस हा औषधाचाच भाग आहे. डोस न सांगता दिलेली गोळी म्हणजे अर्धं औषध. ते उरलेलं अर्धं औषध देण्याचं काम गोव्यात आज कागदावर सगळ्यांचं आहे आणि प्रत्यक्षात कुणाचंच नाही. ते दुकानदाराच्या अंगावर, म्हणजे माझ्या अंगावर, लेखी आणि सक्तीने टाकायला हवं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या गोळ्यांविरुद्ध मी नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही सूज आणि वेदना कमी करणारी औषधं उत्तम आहेत. दुखणं सोसण्यात काही मोठेपणा नाही. रोजंदारीवर छपरांची कौलं चढवणारा गडी कंबर दुखते म्हणून चार दिवस घरी बसू शकत नाही. त्याला गोळी हवी आणि ती मिळायलाच हवी. मला काळजी आहे ती त्या गोळीची पाचव्या दिवशी, पंधराव्या दिवशी आणि तिसऱ्या महिन्यात.

या औषधांचे आकडे अवघड नाहीत. आयब्युप्रोफेन डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं तर मोठ्या माणसाने चोवीस तासांत १२०० मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नाही. म्हणजे ४०० ची गोळी असेल तर तीन. डायक्लोफेनॅकची दिवसाची कमाल मर्यादा १५० मिलिग्रॅम, म्हणजे ५० च्या तीन गोळ्या. असेक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅमची गोळी सकाळी एक, रात्री एक, बस्स. एटोरिकॉक्सिबची १२० मिलिग्रॅमची गोळी केवळ गाऊटच्या, म्हणजे युरिक अॅसिडने सांधा सुजण्याच्या, तीव्र झटक्यासाठी आहे, दिवसाला एकच आणि तीही आठ दिवसांच्या वर नाही. माझ्या काउंटरवर मात्र ती "ती मोठी पावरची दे" म्हणून मागितली जाते. अमेरिकेत दुकानात उघडपणे मिळणारी आयब्युप्रोफेनची गोळी २०० मिलिग्रॅमची असते आणि बाटलीवर ठळक छापलेलं असतं: चोवीस तासांत सहापेक्षा जास्त नको, दुखण्यासाठी दहा दिवसांपेक्षा जास्त नको, तापासाठी तीन दिवसांपेक्षा जास्त नको. आपल्याकडे सर्रास खपते ती ४०० ची, बहुतेकदा सोबत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल घातलेली. घेणाऱ्याला दोन औषधं एकत्र आहेत हेही माहीत नसतं. ताप उतरला नाही म्हणून तो वरून पॅरासिटामॉलची ६५० ची गोळी वेगळी घेतो.

सगळ्या जगातले डॉक्टर या औषधांबद्दल एका वाक्यावर एकमत आहेत: काम भागेल इतका कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस. हे वाक्य मला माझ्या दुकानात कुणा गिऱ्हाइकाने कधी बोलून दाखवलेलं नाही. कारण ते कुणी गिऱ्हाइकांना सांगितलेलंच नाही.

माझ्या आत्याचं सांगतो. ती वाळपईजवळ एका गावात राहते, वय एकाहत्तर. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी ती रोज घेते. गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांनी असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची गोळी लिहून दिली होती, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. आत्याने ती चिठ्ठी जपून ठेवली आणि तीच दाखवून चार महिने गोळ्या आणल्या. मग दाढ काढली. तिथे डायक्लोफेनॅक मिळालं, दिवसातून तीनदा. त्याच आठवड्यात मुंबईहून भाचा आला, त्याने मावशीवरच्या मायेने आपल्या बॅगेतली आयब्युप्रोफेनची स्ट्रिप दिली, 'ही लगेच लागू पडते' म्हणून. तीन रंग, तीन नावं. आत्याच्या लेखी ती गुडघ्याची गोळी, दाढेची गोळी आणि मुंबईची गोळी होती. तिन्ही एकाच जातीची औषधं आहेत आणि पोटात गेल्यावर ती गुडघा आणि दाढ असा भेद करत नाहीत, हे तिला कुणी सांगितलं असतं?

आठव्या दिवशी न्हाणीघरात तिला चक्कर आली. दोन दिवस शौच डांबरासारखी काळी होत होती. ती तिने लोहाच्या गोळीमुळे असेल म्हणून सोडून दिली होती. हॉस्पिटलात रक्त चढवावं लागलं. दुर्बिणीने पाहिलं तेव्हा जठरात व्रण होता, किडनी मंदावल्याचं सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं होतं. पोट? पोट तिचं एक दिवसही दुखलं नव्हतं. हे लोकांना पटत नाही, म्हणून पुन्हा लिहितो: या गोळ्यांनी होणारा व्रण रक्त वाहेपर्यंत मुका राहू शकतो. दुखणं मारणारं औषधच आपण घेत असतो.

आत्या वाचली. मीही तिचा भाचा, फार्मासिस्ट, चौदा किलोमीटरवर. तिने मला विचारलं नाही, कारण यात विचारण्यासारखं काही असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. आणि चार महिने त्याच जुन्या चिठ्ठीवर तिला गोळ्या देणारा माझ्यासारखाच कुणी दुकानदार होता. त्याला मी दोष कसा देऊ? जुन्या चिठ्ठीवर मीही दिल्या आहेत. चिठ्ठीशिवायही दिल्या आहेत.

हे औषध शरीरात करतं काय, हे कळलं तर डोसची गरज आपोआप कळते. १९७१ साली जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की अॅस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होणं थांबवतात. या शोधासाठी त्यांना १९८२ साली नोबेल मिळालं. दुखऱ्या जागी हीच द्रव्यं सूज आणि ठणका आणतात, म्हणून ती थांबली की बरं वाटतं. पण हीच द्रव्यं जठराच्या आतल्या अस्तराला आम्लापासून जपतात. आणि अंगातलं पाणी कमी झालं की किडनीत रक्त आणणारी बारीक नळी उघडी ठेवण्याचं कामही हीच करतात. गोळी एका जागची द्रव्यं थांबवून दुसऱ्या जागची सोडून देत नाही. ती रक्तात मिसळते आणि सगळीकडे जाते.

म्हणूनच "जेवून घेतली की काही होत नाही" हा आपला घरोघरीचा समज अर्धवट आहे. जेवणाने मळमळ, जळजळ कमी होते. व्रणापासून पुरतं रक्षण होत नाही. इंजेक्शन घेतलं म्हणजे पोट सुटलं, हा तर निव्वळ गैरसमज. डायक्लोफेनॅकचं एक इंजेक्शन साधारण ७५ मिलिग्रॅमचं असतं. ते त्या दिवसाच्या १५० मध्येच धरायचं. सकाळी दवाखान्यात सुई आणि मग दिवसभरात तीन गोळ्या, असा हिशेब केला तर दीडशेची मर्यादा कधीच ओलांडलेली असते. सोबतची 'गॅसची गोळी', म्हणजे पँटोप्राझोलसारखं औषध, वयस्कर माणसाला किंवा पूर्वी व्रण झालेल्याला खरोखर उपयोगी आहे. मात्र ती जठराला जपते, किडनीला नाही. गॅसची गोळी घेतो म्हणून महिनोन् महिने पेनकिलर घेणारी माणसं मी रोज पाहतो.

किडनीवर थोडं थांबतो, कारण गोव्यातल्या आमच्या भागात ती सगळ्यात जास्त धोक्यात आहे असं मला वाटतं. मार्च ते मे, काजूचा मोसम. सत्तरी, डिचोली, पेडण्याच्या डोंगरउतारांवर बाया-पुरुष पहाटेपासून वाकून बोंडू गोळा करतात, बिया वेगळ्या करतात, टोपल्या डोक्यावरून भट्टीवर आणतात. उन्हं चढतात, घाम निथळतो, पाण्याची बाटली कधीच रिकामी झालेली असते. कंबर मोडायला आलेली असते, म्हणून निघतानाच उपाशीपोटी एक गोळी घेतलेली असते, दुपारी दुसरी. संध्याकाळी भट्टीवर हुर्राक. अंगात पाणी कमी, वरून किडनीची नळी बंद करणारं औषध, आणि रक्तस्रावाचा धोका वाढवणारी दारू. एकेका गोष्टीचं समर्थन करता येईल. तिन्ही एकत्र, सलग दोन महिने, म्हणजे किडनीवर आणि पोटावर रोजची घाव घालण्याची सवय.

त्यातच माणूस रक्तदाबाचा रुग्ण असेल तर आत्यासारखी गत. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल यांसारखं औषध, लघवी वाढवणारी गोळी आणि वर ही पेनकिलर, या त्रिकुटाचा धोका वैद्यकशास्त्राला चांगला ठाऊक आहे. तिघं मिळून किडनीचा दाब असा काही पाडतात की ती अचानक काम थांबवू शकते. शिवाय या गोळ्या रक्तदाब वाढवतात, म्हणजे एका हाताने घेतलेल्या औषधाचा परिणाम दुसऱ्या हाताने पुसायचा. आमच्या तालुक्यात पन्नाशी ओलांडलेल्या किती घरांत रक्तदाबाची गोळी नाही?

काणकोणात मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण बरीच वर्षं मोठ्या संख्येने सापडत आहेत आणि तिथल्या पाण्यापासून अनेक कारणांचा शोध घेतला गेला आहे. त्याचं खापर मी पेनकिलरवर फोडत नाही. मात्र आधीच अशक्त असलेल्या किडनीवर या गोळ्यांचा भार किती पडतो, याबद्दल शंकेला जागा नाही. त्या भागात तरी प्रत्येक दुकानात हा प्रश्न विचारला जायला हवा: लघवीचा, किडनीचा काही त्रास आहे का?

पावसाळ्यात चित्र बदलतं. ताप, अंगदुखी, डोळ्यांमागे ठणका. डेंगी असेल तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन ही औषधं रक्तस्रावाचा धोका वाढवतात. तापाचं निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलच घ्यायचं. चिखलात उतरून लावणी केलेल्या माणसाला ताप आणि पोटऱ्यांत कळा असतील तर लेप्टोचीही शंका घ्यावी लागते, आणि लेप्टो किडनीवरच घाला घालतो. अशा वेळी "अंगदुखीची एक गोळी दे" म्हणणाऱ्याला स्ट्रिप कापून देणं म्हणजे त्याचा एक दिवस वाया घालवणं. त्या एका दिवसाची किंमत मी पाहिली आहे.

हृदयाचं थोडक्यात सांगतो. २००४ साली रोफेकॉक्सिब नावाचं याच जातीचं औषध हृदयविकाराचे झटके वाढवतं म्हणून जगभरातून मागे घेतलं गेलं. २०१३ साली युरोपच्या औषध नियामक संस्थेने डायक्लोफेनॅकबद्दलही तसाच इशारा दिला आणि ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांनी ते घेऊ नये असं सांगितलं. अँजिओप्लास्टी झालेली, रक्त पातळ करणारी गोळी घेणारी माणसं आपल्याकडे आता गावोगाव आहेत. गुडघ्यासाठी काय घ्यायचं हा त्यांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला एक चांगलं उत्तर दुकानातच आहे: डायक्लोफेनॅकचं जेल. चोळून लावल्यावर रक्तात जाणारं औषध गोळीच्या मानाने फारच थोडं असतं. गुडघ्याच्या झिजेसाठी आधी जेल, मग लागलीच तर गोळी, असा क्रम जाणते डॉक्टर सांगतात. लोकांना ते मलम म्हणजे वरवरचा उपाय वाटतो.

आणि गिधाडं. एकेकाळी गुराढोरांच्या सांगाड्यांवर गिधाडांचे थवे उतरत. या देशातली गिधाडं जवळजवळ नाहीशी झाली, आणि कारण काय निघालं? २००४ साली शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं की जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांच्या किडन्या निकामी होतात. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. पुढे माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्याही जनावरांसाठी वापरल्या जाऊ नयेत म्हणून २०१५ साली ३ मिलिलिटरपुरत्या मर्यादित केल्या, आणि २०२३ साली जनावरांसाठी असेक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनही बंद केलं. माणूस म्हणजे गिधाड नव्हे. आपलं शरीर हे औषध बऱ्यापैकी बाहेर टाकतं, योग्य डोसमध्ये ते आपल्याला सोसतं. तरी त्या पक्ष्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही. ते थव्याने मेले म्हणून दिसले. माणसाची किडनी एकेकट्याने, घरातल्या घरात, सात-आठ वर्षांत मावळते आणि मग कुणीतरी म्हणतं, वय झालं होतं.

सरकारने काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ साली बंद केलं. दोन-तीन औषधं एका गोळीत कोंबलेल्या शेकडो मिश्रणांवर २०१६ पासून वेळोवेळी बंदी आली. २०२४ च्या यादीत असेक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ ची गोळीही होती. १ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालं. ही पावलं योग्यच आहेत. मात्र तो कोड मोबाइलवर उघडला की कळतं ते औषधाचं आणि कंपनीचं नाव, कारखान्याचा पत्ता, बॅच, तारखा, परवाना क्रमांक. दिवसाला किती, हे त्यात नाही. आणि स्ट्रिप कापली की तो कोडही कात्रीच्या अलीकडे माझ्याच ड्रॉवरमध्ये राहतो.

कायदा तर कडक आहेच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही अनुसूची 'एच'मधली औषधं, नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे औषध द्यायचं ते नोंदणीकृत फार्मासिस्टनेच. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमांनी तर रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य ठरवलं. या तिन्ही गोष्टी कागदावर वाचल्या तर वाटतं, मग अडलं कुठे? अडलं असं की हे सगळं तपासता येत नाही. निरीक्षक येतो तेव्हा तो परवाना बघतो, फ्रिजचं तापमान बघतो, मुदत संपलेला माल बघतो, बिलं बघतो. कालच्या गिऱ्हाइकाला मी काय सांगितलं, हे तो बघू शकत नाही. बोललेला शब्द उरत नाही.

लिहिलेला उरतो. म्हणून माझी मागणी एका पाकिटापुरती आहे. गोव्यातल्या प्रत्येक फार्मसीने सूज-वेदनेची सुटी कापून दिलेली गोळी, चिठ्ठी असो वा नसो, लेखी पाकिटाशिवाय द्यायची नाही. त्यावर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम, चोवीस तासांत जास्तीत जास्त किती, किती दिवसांनंतर थांबायचं. आणि एक कायमची छापील ओळ: रक्तदाब, किडनी, हृदय, पोटाचा व्रण, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी विचारा, शौच काळी झाली तर थांबा आणि दवाखान्यात जा. गरोदरपणाचं वेगळं सांगायला हवं, कारण विसाव्या आठवड्यानंतर या गोळ्या बाळाच्या किडनीला आणि भोवतालच्या पाण्याला बाधू शकतात, आणि कंबरदुखी नेमकी तेव्हाच सुरू होते.

हे पाकीट मराठीत आणि कोकणीत असायला हवं. गोव्यात भाषेवरून आपण काय काय पाहिलं नाही? १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामकाजात जागा मिळाली, आणि त्या वादाची धग अजून विझलेली नाही. दोन्ही बाजूंनी जीव तोडून भांडलेल्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण ज्या कागदावरच्या एका ओळीने जीव वाचू शकतो, त्या औषधाच्या स्ट्रिपवर ना मराठी आहे ना कोकणी. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी आहे. वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतले औषध कारखाने परदेशी माल पाठवतात तेव्हा त्या देशाच्या नियमाप्रमाणे, त्या देशाला हवं तसं माहितीपत्रक सोबत घालतात. त्याच कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या आमच्या गावच्या मुलीला, मासिक पाळीत पोट दुखलं म्हणून, माझ्या दुकानातून मिळतो तो कापलेला चांदीचा तुकडा.

माझ्या व्यवसायातले मित्र यावर काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, कारण ते माझ्याशी बोलले आहेत. पहिलं म्हणजे, वेळ कुठे आहे. संध्याकाळी सहा ते आठ काउंटरवर माणसांची रांग असते हे खरं. पण या गटातली रोज खपणारी औषधं पाच-सहाच आहेत. त्यांचे पाच-सहा रबरी शिक्के करून ठेवले तर शिक्का मारायला दोन सेकंद लागतात. पाकिटं कंपन्या फुकट देतात, एका बाजूला आपली जाहिरात छापून. मागची बाजू कोरीच असते.

दुसरं म्हणणं, लोक वाचत नाहीत. वाचतात. चष्मा विसरला म्हणून नातवाकडून वाचून घेतात. सोसायटीचं बिल, विजेचं बिल, जत्रेचं आमंत्रण जी माणसं वाचतात, ती आपल्याच पोटात जाणाऱ्या गोळीबद्दलच्या चार ओळी वाचणार नाहीत, असं आपण कोणत्या आधारावर म्हणतो?

तिसरं म्हणणं मला सगळ्यात जड वाटतं. मी एकट्याने विचारपूस सुरू केली, चिठ्ठी मागितली, नको म्हटलं, तर माणूस समोरच्या दुकानात जातो. मागच्या वर्षी एका ट्रकचालकाला मी सलग पंधराव्या दिवशी डायक्लोफेनॅक द्यायला नकार दिला. रागावला नाही तो, नुसता हसला आणि रस्ता ओलांडून गेला. पाच मिनिटांत त्याच गोळ्या हातात घेऊन परत माझ्या दुकानासमोरून ट्रककडे गेला. म्हणून हे एकेकाच्या सद्बुद्धीवर सोडता येत नाही. नियम सगळ्यांना एकाच दिवशी लागू व्हायला हवा. गोवा लहानसं राज्य आहे. बांबोळीला बसलेल्या अन्न आणि औषध प्रशासनाला राज्यातली प्रत्येक फार्मसी परवान्यासकट ठाऊक आहे. मोठ्या राज्याला जे दहा वर्षांत जमणार नाही ते इथे एका मोसमात जमू शकतं. आणि लेखी पाकीट निरीक्षकाला तपासता येतं: रस्त्यावर पहिल्या भेटलेल्या गिऱ्हाइकाला विचारायचं, दाखवा बघू.

काही डॉक्टर म्हणतील, दुकानदाराच्या हाती पाकीट देणं म्हणजे चिठ्ठीशिवायच्या विक्रीवर सरकारी शिक्का मारणं. हा आक्षेप मी हलका समजत नाही. चिठ्ठीचा नियम पाळला जावा असं मलाही वाटतं, विशेषतः एटोरिकॉक्सिबसारख्या औषधांसाठी. पण तो पाळला जाईल तोवर त्या गोळीसोबत काहीच न देणं, हे रुग्णाला नियमभंगाची शिक्षा देण्यासारखं आहे. आणि डॉक्टरांनाही माझी विनंती आहे. चिठ्ठीवर '१-०-१' लिहिता तसे दिवसही मोठ्या अक्षरात लिहा, आणि 'पुन्हा दाखवल्याशिवाय घेऊ नये' हे मराठीत लिहा. ती चिठ्ठी घरात देवाच्या फोटोमागे चार-चार वर्षं राहते. 'लागेल तशी' असं सांगितलेल्या गोळीला तर मर्यादाच उरत नाही. दुखणाऱ्याला ती नेहमीच लागते.

गावात फिरणाऱ्या 'सांधेदुखीच्या गावठी पुड्यां'बद्दल स्वतंत्र लिहायला हवं. अशा पुड्यांत डायक्लोफेनॅक किंवा स्टिरॉइड मिसळलेलं देशात अनेकदा सापडलं आहे. तिथे तर मोजायला मिलिग्रॅमही नाहीत. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या पुडीवर विश्वास ठेवू नका, एवढंच इथे सांगतो.

आत्या घरी आल्यापासून मी माझ्या दुकानात शिक्के वापरतो आहे. नियम नसताना. सुरुवातीला हात अडखळायचा, आता सवय झाली. विचारपूस केल्यावर नाराज होऊन निघून गेलेली माणसं आहेत, काही परत आली, काही नाही.

गेल्या एप्रिलमध्ये काजूच्या बागेत जाणारी एक बाई आली. साठीच्या आसपासची, उजवा गुडघा टेकत चालणारी. तिला विचारलं तर रक्तदाब नाही, किडनीचं काही नाही, पोटाचंही नाही. मी तिला आयब्युप्रोफेन दिलं, पाकिटावर शिक्का मारला, आकडे पेनने भरले: एका वेळी १, दिवसाला जास्तीत जास्त ३, जेवल्यावर, ३ दिवस. पाणी भरपूर पिऊन बागेत जा म्हटलं, आणि संध्याकाळी हुर्राक नको म्हटलं, त्यावर ती हसली. चौथ्या दिवशी सकाळी दुकान उघडतानाच ती पायरीवर बसलेली. पाकीट घामाने मऊ झालेलं, चार घड्या पडलेलं. तिने ते उलगडून माझ्यापुढे धरलं, बोट शेवटच्या आकड्यावर.

"तीन दिवस काल झाले," ती म्हणाली. "सूज आहेच. आता काय करू?"

मी तिला साखळीच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं.